बीटी विषाची घडण : तीन खंडांचे प्रथिन आणि कपाशीचे शेत

‘बीटी’ हा शब्द महाराष्ट्रात बियाण्याच्या पाकिटावरून बाजारात, बाजारातून वर्तमानपत्रांत आणि तेथून विधिमंडळातील चर्चेत इतका रुळला आहे की तो मुळात एका जिवाणूच्या नावाचा संक्षेप आहे, आणि त्या जिवाणूच्या एका विशिष्ट आकाराच्या प्रथिनावर हा सारा व्यवहार उभा आहे, हे जवळजवळ विस्मरणात गेले आहे. बीटीचे समर्थक आणि विरोधक दोघेही ते एकच एक द्रव्य असल्यासारखे बोलतात. वास्तविक त्या नावाखाली शेकडो प्रथिने येतात, त्यांतील प्रत्येकाचे भक्ष्य वेगळे असते आणि ते कोणते असावे हे त्या प्रथिनाची घडण ठरवते. कपाशीच्या शेतात बीटी कुठे चालले आणि कुठे फसले याचे उत्तर बऱ्याच अंशी या रेणूच्या रचनेत आहे, आणि उरलेले उत्तर तो ज्या बियाण्यात घातला गेला त्या बियाण्याच्या रचनेत आहे. या दोन रचना एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत सर्वत्र आढळणारा जिवाणू आहे. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता शिगेताने यांना तो रोगट रेशीमकिड्यांत सापडला. पुढे जर्मनीतील थुरिंजिया प्रांतातून आलेल्या पिठातील पतंगाच्या अळ्यांत एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पुन्हा मिळाला आणि त्यांनी त्याला त्या प्रांताचे नाव दिले. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जिवाणू बीजाणू धरतो, आणि बीजाणूशेजारी त्याच पेशीत प्रथिनाचा एक लहानसा स्फटिक तयार करतो. १९५० च्या दशकात हे स्पष्ट झाले की अळीला मारणारे विष या स्फटिकात असते. ‘क्रिस्टल’ या शब्दावरून या प्रथिनांना ‘क्राय’ हे नाव मिळाले. १९८१ मध्ये अमेरिकेत श्नेफ आणि व्हाइटली यांनी अशा एका प्रथिनाचे जनुक वेगळे केले, आणि जे विष तोवर फवारणीच्या भुकटीत होते ते वनस्पतीच्या पेशीत तयार करण्याचा मार्ग मोकळा झाला. आज ही प्रथिने अमिनो आम्लांच्या क्रमातील साम्यावरून वर्गवार लावली जातात. क्राय१एसी, क्राय२एबी अशा नावांतील अंक आणि अक्षरे म्हणजे या वर्गवारीतील पायऱ्या होत.

स्फटिकातील प्रथिन हे प्रत्यक्षात विष नसते, ते विषाचे पूर्वरूप असते. क्राय१एसी या कपाशीतील मुख्य प्रथिनाचे पूर्वरूप ११७८ अमिनो आम्लांचे असून त्याचे वजन सुमारे १३० किलोडाल्टन भरते; डाल्टन म्हणजे ढोबळमानाने हायड्रोजनच्या एका अणूचे वजन. या लांब साखळीचा मागचा अर्धा भाग गंधकाच्या बंधांनी शेजारच्या रेणूंशी जोडला जातो आणि स्फटिक घट्ट धरून ठेवतो. पतंगवर्गीय अळीचे मध्यांत्र, म्हणजे आतड्याचा मधला भाग, तीव्र अल्कधर्मी असतो. तेथील सामू ९ ते ११ च्या दरम्यान असतो. त्या वातावरणात हे बंध सुटतात, स्फटिक विरघळतो, आणि मग अळीचेच पचनविकर या प्रथिनाला दोन्ही बाजूंनी छाटतात : मागचा अर्धा भाग जातो, पुढच्या टोकाची सुमारे अठ्ठावीस अमिनो आम्लेही जातात, आणि साधारण ६० ते ६५ किलोडाल्टनचा एक गाभा शिल्लक राहतो, जो त्या विकरांना पुढे पचवता येत नाही. अन्न म्हणून पोटात गेलेला पदार्थ पचवण्याच्या प्रयत्नातच अळी आपल्या मृत्यूचे हत्यार घडवते. माणसाच्या जठरातील परिस्थिती याच्या उलट, म्हणजे आम्लधर्मी असते. तेथे पेप्सिन या प्रथिनाचे तुकडे करते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे ज्या रेणूंना हे विष चिकटते ते रेणू माणसाच्या आतड्यावर नसतात. बीटीच्या सुरक्षिततेची चर्चा बहुतेक वेळा विश्वास आणि अविश्वास यांच्यातच फिरते, पण तिचा हा रासायनिक पाया मात्र क्वचितच सांगितला जातो.

या गाभ्याचा आकार प्रथम १९९१ मध्ये दिसला. केंब्रिजमध्ये ली, कॅरोल आणि एलर यांनी भुंगेरावर्गीय किडींना मारणाऱ्या क्राय३ए या प्रथिनाची त्रिमितीय रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राने २.५ अँगस्ट्रॉमपर्यंतच्या सूक्ष्मतेने उलगडली. अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. या पद्धतीत प्रथिनाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडतात, ते कसे विखुरतात ते टिपतात आणि त्यावरून गणिताने अणूंच्या जागा काढतात. यात एक गंमत आहे. जिवाणू हे प्रथिन स्वतःच स्फटिकरूपात देतो, पण तो स्फटिक इतका बारीक असतो की नेहमीच्या उपकरणांना पुरत नाही, आणि संशोधकांना ते विरघळवून पुन्हा मोठे स्फटिक वाढवावे लागले. निसर्गाने केलेल्या मूळ स्फटिकाचीच रचना वाचण्याचे काम २०१४ मध्ये झाले : क्राय३एचे स्फटिक पोटात असलेले जिवाणूच अतितीव्र क्ष-किरण लेसरच्या झोतात सोडण्यात आले. दरम्यान १९९५ मध्ये क्राय१एए आणि २००१ मध्ये क्राय२एए यांच्या रचना हाती आल्या, आणि एक गोष्ट ठसठशीत झाली : ज्यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात मोठे अंतर आहे आणि ज्यांची भक्ष्ये वेगळ्या गणांतील आहेत अशी प्रथिनेही त्याच तीन खंडांची, त्याच मांडणीची निघाली.

पहिला खंड म्हणजे सात सर्पिलांची जुडी. प्रथिनाची साखळी दोरीसारखी पिळली गेली की त्या आकाराला आल्फा-सर्पिल म्हणतात. येथे मधोमध पाचवे सर्पिल असते, त्याचा स्वभाव पाण्यापासून दूर राहण्याचा असतो, आणि भोवतीची सहा सर्पिले आपली तेलकट बाजू त्याच्याकडे आणि पाणी मानवणारी बाजू बाहेर करून त्याला झाकून उभी असतात. पेशीचे आवरण मेदाचे असते. त्यामुळे ही जुडी उलगडली तर तिच्या आतला भाग त्या आवरणात घुसू शकेल, हे रचना पाहताक्षणी सुचते. छिद्र पाडण्याचे काम याच खंडाकडे आहे यावर आज सर्वसाधारण एकमत आहे.

दुसरा खंड बीटा-पटांचा आहे. साखळीचे पट्टे शेजारी शेजारी येऊन विणले जातात तेव्हा बीटा-पट तयार होतो. येथे असे तीन पट मिळून तीन बाजूंचा प्रचिन, म्हणजे भिंगाच्या दुकानातील लोलकासारखा आकार तयार करतात, आणि त्याच्या टोकाशी साखळीचे काही फासे मोकळे राहतात. अळीच्या आतड्यावरील ग्राही रेणू ओळखण्याचे काम प्रामुख्याने हे फासे करतात. हा आकार फक्त जिवाणूंकडेच आहे असे मात्र नाही. फणसाच्या आठळ्यांत जॅकेलिन नावाचे शर्करेला चिकटणारे प्रथिन असते. त्याची रचना १९९६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन, ए. सुरोलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली, तेव्हा तेथेही असाच बीटा-प्रचिन आढळला. आठळी उकडून खाणाऱ्या कोकणी माणसाला आणि कपाशीची अळी मारणाऱ्या जिवाणूला जोडणारा हा धागा उत्क्रांतीने कसा विणला, की दोन्हीकडे तो स्वतंत्रपणे सुचला, हा वेगळा विषय. पण शर्करा आणि पेशीपृष्ठ ओळखायला हा साचा सोयीचा आहे एवढे त्यावरून कळते.

तिसऱ्या खंडात दोन बीटा-पट पापुद्र्यांसारखे एकमेकांवर बसलेले असतात. क्राय१एसीच्या या खंडात एक खाच आहे, तीत एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामाइन ही शर्करा नेमकी बसते, आणि अळीच्या आतड्यावरील अमिनोपेप्टिडेज-एन या विकरावर लटकलेल्या त्याच शर्करेला विष धरते. क्राय१एए आणि क्राय१एसी ही एकाच उपवर्गातील सख्खी भावंडे असूनही त्यांच्या तिसऱ्या खंडांत बराच फरक आहे, आणि एकाला जी अळी मरते ती दुसऱ्याला तितकीच मरेल असे नाही. भक्ष्य ठरवण्यात दुसऱ्या खंडाइतकाच तिसराही भागीदार आहे, हे समजायला संशोधकांना थोडा काळ लागला. आरंभी त्याच्याकडे रेणूला स्थैर्य देणारा सोबती म्हणूनच पाहिले जात होते.

विष आवरणात शिरते कसे, यावर मात्र वाद आहे. प्रचलित मतानुसार गाभा आधी मध्यांत्रातील पेशींवरील कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटतो, तेथे पहिल्या खंडाचे पहिले सर्पिल छाटले जाते, मग अनेक रेणू एकत्र येऊन अमिनोपेप्टिडेजसारख्या दुसऱ्या ग्राहींकडे सरकतात, आणि चौथे व पाचवे सर्पिल आवरणात घुसून बाकीची सर्पिले छत्रीच्या काड्यांसारखी पृष्ठभागावर पसरतात. पेशीला छिद्र पडते, क्षारांचा तोल बिघडतो, पेशी फुगून फुटते, अळी काही तासांत खाणे थांबवते आणि काही दिवसांत मरते. या क्रमिक मांडणीला मेक्सिकोतील ब्राव्हो आणि सोबेरॉन यांच्या कामाचा मोठा आधार आहे. त्याविरुद्ध अमेरिकेतील बुला यांच्या गटाने असे मांडले की छिद्र दुय्यम आहे. कॅडहेरिनला विष चिकटताच पेशीच्या आत संदेशांची साखळी सुरू होते आणि पेशी स्वतःच मरते. पुढे आवरणातून पदार्थांची ने-आण करणाऱ्या एबीसी वाहकांचा या कामातील वाटा पुढे आला आणि दोन्ही मांडण्यांना मुरड घालावी लागली. पुराव्याचे पारडे छिद्राकडे झुकते असे म्हणायला हरकत नाही. पण आधी विरघळलेल्या गाभ्याची रचना जितकी स्पष्ट आहे तितके हे छिद्र स्पष्ट नाही, आणि त्याचे चित्र मुख्यत्वे जैवरासायनिक पुराव्यावरून जोडलेले आहे.

रचना कळली की ती बदलता येते, आणि या कामात लखनौचा वाटा मोलाचा आहे. त्या शहरात सिकंदरबागेच्या परिसरात राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था, म्हणजे एनबीआरआय आहे. तेथील राकेश तुली, पी. के. सिंह आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये क्राय१ईसी नावाचे एक संकरित विष प्रसिद्ध केले. प्रश्न असा होता की क्राय१एसी हिरव्या बोंडअळीला मारते, पण स्पोडोप्टेरा लिट्युरा, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत तंबाखूची पाने खाणारी अळी, त्याला फारशी दाद देत नाही. आणि ही अळी तंबाखू, कपाशी, एरंडी, भुईमूग, सोयाबीन अशा अनेक पिकांवर गुजराण करते. २००८ मध्ये विदर्भातील सोयाबीनवर तिने केलेला हल्ला अनेकांच्या स्मरणात असेल. क्राय१सीए हे तिच्यावरचे सर्वांत प्रभावी ज्ञात विष होते, तर क्राय१ईए अगदीच दुबळे. लखनौच्या गटाने या दुबळ्या क्राय१ईएच्या तिसऱ्या खंडातील एक भाग काढून तेथे क्राय१सीएच्या तिसऱ्या खंडातील सत्तर अमिनो आम्लांचा तुकडा बसवला. तयार झालेला रेणू त्या अळीवर क्राय१सीएपेक्षाही सुमारे चौपट विषारी ठरला. उसना तुकडा ज्याचा, त्याच्यापेक्षा उसना घेणारा वरचढ निघाला.

या कल्पनेचे मूळ नेदरलँड्समधील बॉश आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या प्रयोगात होते. त्यांनी क्राय१ईला क्राय१सीचा तिसरा खंड जोडून असाच परिणाम मिळवला होता. लखनौचे वैशिष्ट्य असे की तेथे हे काम पिकापर्यंत नेले गेले. जिवाणूचे जनुक जसेच्या तसे वनस्पतीत घातले तर फारसे प्रथिन बनत नाही, कारण त्यातील काही क्रम वनस्पतीची पेशी ‘येथे थांबा’ असा अर्थ लावून वाचते. म्हणून अर्थ तोच ठेवून अक्षरे बदललेले संपूर्ण कृत्रिम जनुक बनवावे लागले, आणि तंबाखू व कपाशीच्या झाडांत ते परिणामकारक ठरल्याचे त्यांनी दाखवले. प्रयोगशाळेतून भारतीय शेतात जाण्यासाठी मात्र रेणूच्या गुणवत्तेपलीकडच्या अनेक गोष्टी लागतात.

शेतात आधी पोचले ते क्राय१एसी. २६ मार्च २००२ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित बीटी कपाशींना मंजुरी दिली. त्यांतील जनुक मोन्सँटोचे होते. २००६ मध्ये क्राय१एसी आणि क्राय२एबी अशी दोन प्रथिने असलेली बोलगार्ड-२ आली, जिला शेतकरी बीजी-२ म्हणतात. त्याच वर्षी आयआयटी खरगपूरच्या जनुकावर आधारित आणि औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) नाथ सीड्सने आणलेल्या, क्राय१एबी व क्राय१एसी जोडून बनवलेल्या चिनी जनुकावर आधारित कपाशींनाही मंजुरी मिळाली. बाजार मात्र बीजी-२ नेच व्यापला. दोन प्रथिने एकत्र ठेवण्यामागचा तर्क रचनेवरच उभा होता : क्राय१एसी आणि क्राय२एबी यांचे ग्राही वेगळे असल्याने एका ग्राहीतील बदलाने अळी दोन्हींतून सुटणार नाही. तर्क चुकीचा नव्हता, पण तो एका अटीवर अवलंबून होता. दोन्ही कुलपे शाबूत असताना दोन्ही किल्ल्या एकदम लावल्या तरच त्याचा उपयोग. भारतात पहिली किल्ली चार वर्षे एकटीच वापरली गेली, आणि गुलाबी बोंडअळीने तेवढ्यात पहिले कुलूप बदलायला सुरुवात केली होती. २००८ च्या हंगामात गुजरातमध्ये क्राय१एसीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आढळली, म्हणजे बीजी-२ मोठ्या प्रमाणावर पसरत असताना त्यातील एक प्रथिन या किडीपुरते निकामी होत चालले होते, आणि दुसरे एकटे पडले होते.

अळीने काय बदलले, हे पाहणे बोधप्रद आहे. भारतातील प्रतिकारक गुलाबी बोंडअळीच्या कॅडहेरिन जनुकाचा अभ्यास अमेरिकेतील फॅब्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात जनुकाची आठ निराळी मोडकी रूपे आणि त्यांतून चुकीची जोडणी होऊन बनलेले कित्येक सदोष संदेश सापडले. म्हणजे विष बदलले नव्हते, ते चिकटण्याची जागाच अळीने उखडून टाकली होती. आणि तेही एकाच ठिकाणी एकाच प्रकारे घडलेले नव्हते, ठिकठिकाणी वेगवेगळ्या मार्गांनी घडले होते. क्राय२एबीच्या बाबतीत पुढे असेच दिसले : २०१८ च्या एका अभ्यासात शेतातील प्रतिकारक अळ्यांच्या एबीसीए२ या वाहक प्रथिनाच्या जनुकात बिघाड आढळले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने २०१० नंतर वर्षानुवर्षे गोळा केलेल्या नमुन्यांतून दोन्ही प्रथिनांविरुद्धचा प्रतिकार कसा वाढत गेला हे दाखवून दिले. २०१७-१८ च्या हंगामात विदर्भ आणि मराठवाड्यात डोमकळ्यांनी भरलेली शेते, आतून किडलेली बोंडे आणि नुकसानीचे पंचनामे हा त्याचा उघडा परिणाम होता. त्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेने आपल्या मुख्य भूमीवरून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले, आणि तेथील प्रमुख हत्यारांत, वंध्य पतंग सोडण्याच्या जोडीने, हीच बीटी कपाशी होती.

एकाच रेणूचे दोन देशांत दोन शेवट झाले, याचा दोष रेणूवर टाकता येत नाही. भारतात बीटी जनुके सरळ वाणांत न घालता संकरित वाणांत घातली गेली, आणि तीही संकराच्या एकाच पालकाकडून. त्यामुळे शेतातील झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुकाची एकच प्रत असते, आणि त्या झाडाच्या बोंडात जी सरकी भरते तिच्यात मेंडेलच्या नियमाने विभागणी होते. क्राय१एसीपुरते पाहिले तर दर चार बियांतली एक बी विषाविना असते. बीजी-२ मध्ये दोन्ही जनुके स्वतंत्रपणे वाटली गेली तर दर सोळांतली एक बी दोन्ही विषांविना असते, आणि आणखी सहा बियांत दोहोंपैकी एकच विष असते. गुलाबी बोंडअळी पानावर जगत नाही, ती बोंडात शिरून सरकी खाते. ज्या किडीचे अन्नच बी आहे, तिच्यापुढे एकाच बोंडात विष असलेल्या, अर्धे विष असलेल्या आणि अजिबात विष नसलेल्या बिया शेजारी शेजारी मांडून ठेवणे म्हणजे तिला प्रतिकाराचा सराव देणे होय. प्रतिकार रोखण्यासाठी पाकिटातल्या ४५० ग्रॅम बीटी सरकीबरोबर १२० ग्रॅम बिगर बीटी सरकी आश्रय पीक म्हणून दिली जात होती, ती बांधावर न पेरता फेकून दिली गेली हे सर्वज्ञात आहे. पण फक्त शेतकऱ्याच्या त्या चुकीवर बोट ठेवणे न्याय्य नाही. उशिरापर्यंत उभे राहणारे संकरित वाण, जानेवारीनंतरही फरदड घेण्याची सवय, झाड जुने होत जाताना विषाचे घटते प्रमाण आणि बियाण्यातील ही विभागणी, या सगळ्यांनी मिळून अळीला सवलत दिली, आणि त्यातील शेवटच्या दोन गोष्टी शेतकऱ्याच्या हातातल्या नव्हत्या.

प्रतिकाराला उत्तर म्हणून रेणूत बदल करण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. कॅडहेरिनला चिकटल्यावर जे पहिले सर्पिल छाटले जाते ते आधीच काढून टाकलेले क्राय१एसी बनवले तर कॅडहेरिनची गरजच उरत नाही, असे सोबेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, आणि कॅडहेरिन बिघडलेल्या गुलाबी बोंडअळ्या त्याने मेल्या. २०१६ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड लियू यांच्या गटाने प्रयोगशाळेत वेगवान उत्क्रांती घडवून क्राय१एसीला एका नव्या कॅडहेरिनला चिकटायला शिकवले. व्हीआयपी३ए हे निराळ्याच घडणीचे, चार रेणू एकत्र येऊन काम करणारे प्रथिन ऑस्ट्रेलियाच्या कपाशीत आधीच आहे. लखनौतही काम थांबलेले नाही : २०१६ मध्ये एनबीआरआयने एका नेच्यातील टीएमए१२ हे पांढरी माशी मारणारे प्रथिन कपाशीत घालून दाखवले, आणि २०२५ मध्ये गुलाबी बोंडअळीला प्रतिकारक कपाशी विकसित केल्याचे जाहीर करून पुढील चाचण्यांसाठी नागपूरच्या अंकुर सीड्सशी करार केला. सिकंदरबागेतील प्रयोगशाळा आणि विदर्भाचे शेत यांच्यातील अंतर त्यामुळे कागदावर तरी कमी झाले आहे. पण नवे प्रथिन पुन्हा एकाच प्रतीच्या, दीर्घ मुदतीच्या संकरित वाणात घातले गेले, तर त्याची गत क्राय१एसीहून वेगळी होण्याचे काही कारण रचनाशास्त्रात सापडत नाही. आखूड मुदतीचे सरळ वाण आणि दोन्ही पालकांकडून आलेले जनुक ही अट मंजुरीच्या आधीच घातली गेली पाहिजे. तूर्त महाराष्ट्रात सुमारे चाळीस लाख हेक्टरांवर पेरल्या जाणाऱ्या कपाशीच्या अधिकृत पाकिटांत, २००६ मध्ये मंजूर झालेलीच दोन प्रथिने आहेत.